इसापूरच्या बेटावर तंबू?

प्रश्न : पुसदजवळच्या इसापूर धरणातल्या बेटावर मार्चमध्ये तंबू ठोकून गळ टाकायचा बेत आहे. काय तयारी करावी?

उत्तर : आधी वनविभागाला विचारा. इसापूर जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे. तिथे विनापरवाना मुक्काम किंवा मासेमारी केल्यास गुन्हा दाखल होऊ शकतो. शिवाय उन्हाळ्यात नदी सुरय अशा उघड्या बेटांवर अंडी घालते. ठिपकेदार अंडी गोट्यांत ओळखू येत नाहीत, सहज पायाखाली येतात.

त्यापेक्षा दिग्रसजवळच्या अरुणावती धरणाचा काठ बघा. तिथेही मासेमारीचा ठेका ज्या संस्थेकडे असेल तिची संमती घ्या. मृगळ तळाशी चरतो, त्याला कणकेची गोळी लावा. मरळ हवा तर पाणवनस्पतींच्या कडेला गांडूळ. तंबू काळ्या मातीवर नको. अवकाळी आला की गाडी रुतलीच समजा.