कोर्टाचा कागद आला की आधी मुदत पाहा

समन्स घेतलंच नाही तर दावा पुढे सरकत नाही, असा माझ्या काकांचा ठाम समज होता. आत्याने वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा लावला, तेव्हा बेलिफाला त्यांनी दारातूनच वाटेला लावलं. बेलिफाने समन्सची प्रत दाराला चिकटवली, तसा अहवाल कोर्टात दिला आणि समन्स बजावलं असं धरून दावा एकतर्फी चालला. काका जागे झाले ते जमिनीच्या मोजणीची नोटीस आल्यावर. पुढे त्यांच्याबरोबर तारखांना जाणं माझ्याकडे आलं. तिथे एक गोष्ट पक्की कळली. दिवाणी दाव्यात शब्दाचा अर्थ उशिरा कळला तरी एकवेळ निभतं, त्यामागची मुदत चुकली की भोवतं.

दावा लावतो तो वादी, ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी. प्रतिवादी म्हणजे आरोपी नव्हे, त्यामुळे घाबरून लपायचं कारण नाही. वकिलाची नोटीस ही समोरच्याची मागणी असते. समन्स हा कोर्टाचा हुकूम. समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे आपलं म्हणणं, द्यायचं असतं. सबळ कारण असेल तर कोर्ट 90 दिवसांपर्यंत मुदत वाढवतं.

दाव्यासोबत बहुधा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज येतो. कोर्टाच्या आवारात त्याला ‘निशाणी पाच’ म्हणतात. निकालापर्यंत जमीन विकू नका, बांधकाम करू नका, असा हुकूम त्यावर होऊ शकतो. तो मोडला तर मालमत्तेची जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. आपलं न ऐकता असा हुकूम होईल अशी शंका असेल, तर आधीच कॅव्हेट दाखल करावं. ते 90 दिवस चालतं.

निकालानंतर तयार होतो तो हुकूमनामा. वाटपाच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो. त्यात फक्त हिस्से ठरतात. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप पुढे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं. म्हणून ‘निकाल लागला’ म्हणजे ताबा मिळाला, असं समजू नये. ताबा किंवा पैसे देण्याचा हुकूमनामा समोरचा पाळत नसेल, तर दरखास्त दाखल करावी लागते. त्याला 12 वर्षांची मुदत आहे.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याचा अर्ज 30 दिवसांत करायचा असतो. समन्स रीतसर बजावलंच नसेल, तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. काकांच्या दारावर ते चिकटवलेलं होतं, त्यामुळे ही सवलत गेली. विलंबमाफीचा अर्ज करावा लागला, आत्याला खर्चाची रक्कम द्यावी लागली, तेव्हा कुठे दावा पुन्हा उघडला. तरी आत्याचा हिस्सा टळला नाही, कारण हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीलाही मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला आहे. विहिरीकडचा तुकडा कोणाला, एवढंच काय ते काकांना मांडता आलं.

तेव्हा कोर्टाचा कागद नाकारू नका. सही करून घ्या, मिळाल्याची तारीख त्यावर लिहा आणि वकिलाला पहिला प्रश्न मुदतीचा विचारा. वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.