आधी पाठांतर, अर्थ मागाहून

प्रश्न : जुन्या चीनमध्ये परीक्षा देऊन सरकारी अधिकारी होता येई, असे वाचले. त्या मुलांचा अभ्यास कधी सुरू होई आणि त्यांना शिकवत तरी काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मिंग आणि छिंग राजवटींत (१३६८ ते १९१२) खात्यापित्या घरचा मुलगा पाच-सात वर्षांचा झाला की अभ्यासाला बसे. अक्षरओळख पुष्कळदा आईच करून देई. मग घरी ठेवलेले किंवा कुळाच्या शाळेतले गुरुजी. लाल शाईतल्या अक्षरांवर काळ्या शाईचा कुंचला फिरवून हाताला वळण लावायचे. सुरुवातीच्या पुस्तकांत 'हजार अक्षरी' असे. नावाप्रमाणे त्यात हजार वेगवेगळी अक्षरे.

धडा म्हणून दाखवायची रीत ठरलेली : पुस्तक गुरुजींपुढे ठेवायचे, त्यांच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि घडाघडा म्हणायचे. अडखळला की छडी. अर्थ सांगायचे ते मागाहून. पुढे कन्फ्यूशियस परंपरेतले 'चार ग्रंथ' आणि 'पाच ग्रंथ', म्हणजे चार लाखांहून अधिक अक्षरे. एवढी घोकंपट्टी कशासाठी? परीक्षेत निबंधाचा विषय म्हणून या ग्रंथांतले एखादे वाक्य येई. ते कुठले, त्याच्या मागेपुढे काय आहे, हे तोंडपाठ नसेल तर लेखणी उचलायलाच नको. निबंधही आठ भागांच्या ठरीव साच्यात लिहायचा.

पहिला टप्पा पार केला की 'श्यूत्साय' ही पदवी मिळे. प्रांतिक परीक्षा सहसा तीन वर्षांतून एकदा होई. नानजिंगच्या परीक्षागृहात उमेदवारांसाठी वीस हजारांवर खोपटी होती. अंथरूण, शिधा ज्याचा त्याने आणायचा. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून लेखनिक प्रत्येक उत्तराची लाल शाईत नक्कल करत आणि परीक्षक तीच तपासत.

मुलींना या परीक्षेची दारे बंद होती. बहुतेक पुरुषांना कायद्याने ती खुली होती, पण शेतावरचे दोन हात वर्षानुवर्षे पुस्तकात अडकवणे गरिबाला परवडत नसे. काही कुळे सामाईक जमिनीच्या उत्पन्नातून हुशार मुलाचा खर्च उचलत.

तरीही बहुतेकांच्या पदरी अपयशच. फू सोंगलिंग (१६४०-१७१५) तारुण्यातच श्यूत्साय झाले, पण प्रांतिक परीक्षेने त्यांना जन्मभर हुलकावणी दिली. पोटासाठी ते एका श्रीमंत घरी शिकवत राहिले आणि भुताखेतांच्या अजरामर कथा लिहून गेले. अशा नापास विद्वानांतूनच गावोगावचे गुरुजी मिळत. १९०५ साली परीक्षा बंद होईपर्यंत, ज्यांना ती पार करता आली नाही तेच पुढच्या पिढीला तिच्यासाठी घडवत होते.