इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होत नाही? पाकिटाआधी सेलची झाकणं उघडा

वीज गेली की पंखा दहा मिनिटांत मान टाकतो, इन्व्हर्टर पीं-पीं करू लागतो आणि दुकानदार फोनवरच निकाल देतो, ‘बॅटरी गेली, बदलावी लागेल.’ १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी आज साधारण १३ ते १८ हजारांना पडते. बॅटरी खरोखर गेली असेल तर पैसे मोजावेच लागतात. पण चार्ज न होण्याची बरीच कारणं बॅटरीच्या बाहेरच असतात आणि ती फुकटात किंवा दोन-चारशे रुपयांत निस्तरतात. म्हणून तपासणीचा क्रम खर्चाप्रमाणे लावावा: आधी शून्य रुपये, मग शेकडे, शेवटी हजार.

शून्य रुपयांत पहिलं पाहायचं ते इन्व्हर्टरच्या मागचं किंवा बाजूचं बटण. बहुतेक इन्व्हर्टरना ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ (काहींवर ‘इको’) असे दोन मोड असतात. यूपीएस मोड कॉम्प्युटरसाठी असतो. तो साधारण १८० ते २६० व्होल्टच्या बाहेरची वीज घेतच नाही. गावात संध्याकाळी शेतपंप सुरू झाले की व्होल्टेज दीडशेपर्यंत उतरतं. घरात दिवा मिणमिणत असतो, पण इन्व्हर्टरच्या लेखी वीज गेलेलीच असते. मग बॅटरी भरायची सोडून उलट रिकामी होत राहते. बटण नॉर्मलवर टाका; त्या मोडमध्ये शंभर-सव्वाशे व्होल्टपासूनची वीज चालते. मात्र व्होल्टेज रोजच असं पडत असेल तर दुखणं तुमच्या घरात नाही, ट्रान्सफॉर्मरवर आहे. महावितरणच्या १९१२ क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

तिथेच मागे फ्यूज किंवा रिसेटचं छोटं बटण असतं. ते उडालेलं असेल तर लोड चालतो, चार्जिंग मात्र बंद. एकदा दाबून पाहा. पुन्हा उडालं तर हट्टाने दाबत बसू नका, आणि जाड तारेचा फ्यूज तर अजिबात घालू नका.

तिसरी गोष्ट कागदावरच्या हिशेबाची आहे, आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. १५० एएचची रिकामी बॅटरी १५ अँपिअरने भरायला दहा-बारा तास लागतात. भारनियमनात वीज सहा तास जात असेल आणि उरलेल्या वेळात व्होल्टेजही धड नसेल, तर बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही. नवी आणली तरी ती महिन्याभरात तशीच वागेल. अशा घरात उपाय एकच, लोड कमी करणं. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. दोन पंखे बदलायला पाच-सहा हजार लागतील, पण बॅकअप जवळजवळ दुप्पट होईल. माझ्या मते बॅटरीवर घालायचे पैसे आधी पंख्यांवर घालावेत.

आता हात घालायचा तो टर्मिनलवर. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. पाना चुकून दोन्ही टर्मिनलांना टेकला तर ठिणगी उडते आणि धातू लाल होतो. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, तेव्हा जवळ उदबत्ती, काडी, सिगारेट काही नको. इन्व्हर्टर बंद करून मेन्सचा प्लग काढा. वायर सोडवताना आधी निगेटिव्ह, जोडताना शेवटी निगेटिव्ह. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढते आणि वायर घट्ट दिसत असूनही आतून संपर्क सुटलेला असतो. गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, पण ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. कोरडं करून आवळा आणि वर पेट्रोलियम जेली लावा. खर्च पन्नास रुपयांच्या आत.

मग पाणी. लाल-हिरव्या खुणेचे तरंगते इंडिकेटर वेळोवेळी अडकून बसतात; त्यांच्या भरवशावर राहू नका, झाकण उघडून आत पाहा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतपतच डिस्टिल्ड वॉटर घाला, चार्ज होऊ द्या आणि मग खुणेपर्यंत भरा. पाच लिटरचा कॅन साधारण शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. आरओचं पाणी डिस्टिल्ड नसतं, त्यात क्षार उरतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही नको, त्यात कॉइलवरची धूळ येते. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तिथे उन्हाळ्यात दर महिन्याला झाकण उघडावं. एरवी दोन-तीन महिन्यांनी चालतं. ‘ॲसिड कमी झालंय, भरून देतो’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. सांडलं नसेल तर ॲसिड कमी होत नाही, उडून जातं ते पाणी. वरून घातलेल्या ॲसिडने बॅटरी चार दिवस तेजीत आल्यासारखी वाटते आणि प्लेटा खाऊन टाकते.

इथवर फरक पडला नाही तर दोन साधनं विकत घ्या. साधा मल्टिमीटर तीन-चारशेत आणि हायड्रोमीटर दोनशेच्या आसपास. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दोन्ही सहज मिळतात. मेकॅनिकच्या दोन फेऱ्यांच्या पैशात ती कायमची घरची होतात.

मीटर डीसी २० व्होल्टवर लावा. मेन्स बंद असताना बॅटरीवरचं व्होल्टेज पाहा, मग मेन्स सुरू करून पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. आकडा साडेतेराच्या पुढे, १४.४ च्या आसपासपर्यंत चढत गेला तर चार्जर काम करतोय. अगदी रिकामी बॅटरी हळू चढते, तिला तासभर द्या. आकडा जागचा हललाच नाही तर बॅटरीला दोष देऊ नका, इन्व्हर्टरचं चार्जिंग कार्ड किंवा फ्यूज गेलेला आहे. दुरुस्ती बिघाडाप्रमाणे पाचशेपासून अडीच हजारांपर्यंत जाते आणि मेकॅनिकची फेरी वेगळी, बहुधा तीनशे ते पाचशे. आकडा दोन-चार मिनिटांत धावत १४ वर गेला आणि वीज जाताच कोसळला, तर प्लेटांवर सल्फेट बसलं आहे. बॅटरी वरवर भरते, आत काही साठत नाही. आकडा १०.५ च्या आसपास अडकून राहिला तर सहापैकी एक सेल मेलेला असण्याची शक्यता मोठी, कारण एक सेल सुमारे २.१ व्होल्टचा असतो.

त्याची खातरजमा हायड्रोमीटर करतो. चष्मा आणि रबरी हातमोजे घालून, पूर्ण चार्जिंगनंतर सहाही सेलची ग्रॅव्हिटी मोजा आणि कागदावर लिहा. ट्यूब्युलर बॅटरीत ती १.२४० च्या जवळपास यायला हवी. सगळे सेल सारखेच खाली, म्हणजे १.१८-१.१९ ला असतील तर बॅटरी उपाशी आहे. चोवीस तास सलग चार्जिंग देऊन पुन्हा मोजा. पाच सेल ठीक आणि एकच ११५०-११६० ला (मेकॅनिक मधला टिंब खातात) असेल, तर विषय संपला. एक सेल बदलून देणारे अजून भेटतात. दोन-तीन हजार घेतात आणि जुन्या पाच सेलांशी नव्याचं जमत नाही. पावडर टाकून ‘जिवंत’ करून देणाऱ्यांच्या वाटेलाही जाऊ नका.

जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अशा वेळी बॅटरी पूर्ण पिळून तशीच पडू देणं तिला सर्वांत महागात जातं. इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणाला की लोड बंद करा. गावचं घर महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर जाण्याआधी बॅटरी पूर्ण भरा आणि निगेटिव्ह वायर सोडवून ठेवा.

नवी घ्यायचीच असेल तर आधी जुनीची वॉरंटी पाहा. ‘३६ + २४’ याचा अर्थ साधारणपणे तीन वर्षं मोफत बदली आणि पुढची दोन वर्षं किमतीत सूट, पाच वर्षं फुकट नव्हे. बदलून मिळालेल्या बॅटरीला वॉरंटी बहुधा जुन्या तारखेपासूनच धरतात. बिल, वॉरंटी कार्ड आणि बॅटरीवरचा सिरियल नंबर जुळत नसेल तर दावा फेटाळला जातो, म्हणून हे जुळवणं खरेदीच्याच दिवशी करा. बॅटरीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे; जुनं कोटेशन पुढे केलं तर तेवढं विचारा. उत्पादनाचा महिना पाहा, तीन महिन्यांपेक्षा जुना माल नको. वजनही करून घ्या. १५० एएचची भरलेली ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोंच्या घरात किंवा वर असते; माहितीपत्रकातल्या आकड्यापेक्षा बरीच हलकी निघाली तर शिसं कमी घातलंय.

जुनी बॅटरी दुकानदाराला ‘उचलून न्या’ म्हणू नका, ती तीन ते पाच हजारांचा ऐवज आहे. दोन दुकानांत एक्स्चेंजचा भाव विचारा, वजन समोर करून घ्या आणि ती वजावट बिलावर लिहून घ्या. भंगारवाल्याला दिली तर तो ॲसिड गटारात ओतून प्लेटा काढतो. बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकतात, आणि ती इतर कचऱ्यात न मिसळता संकलन करणाऱ्याकडे देण्याची तुमच्यावर. वॉरंटीत असूनही दुकानदार टोलवत राहिला तर बिलाचा फोटो हाताशी ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावा. फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.