आधी कुत्र्याची जागा, मग सामान

सुवानी नदी जॉर्जियातल्या ओकेफेनोकी दलदलीतून निघते आणि सुमारे 400 किलोमीटर वाहून फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर मेक्सिकोच्या आखाताला मिळते. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, काठाला पांढरी वाळू. कॅनूने जायला हिवाळा उत्तम. डास कमी असतात, दुपारी एक सदरा पुरतो. रात्री मात्र पारा शून्याखालीही उतरतो. दलदलीच्या अभयारण्यात कुत्र्याला नावेत नेऊ देत नाहीत, म्हणून खालच्या फार्गो गावापासून निघावं. इथे दोन माणसं, 25 किलोचा कुत्रा, पाच मीटरची कॅनू आणि दोन आठवडे असा हिशेब धरला आहे.

सर्वात आधी रिकामी कॅनू अंगणात ठेवा आणि कुत्र्याला तिच्यात मधोमध बसवा. त्याला वळून बसता येईल, पाय पसरून झोपता येईल एवढी जागा खडूने आखून घ्या. ती त्याची. बाकीचं सामान उरलेल्या जागेत मावलं पाहिजे. मावत नसेल तर सामान कमी करा, जागा नाही. अवघडलेला कुत्रा सारखा उठतो, आणि 25 किलो वजन अचानक एका कडेला गेलं की नाव उलटते. त्या जागेवर जाड फोमची चटई पसरा. नावेचा तळ निसरडा असतो आणि पाण्याइतकाच गार.

कुत्र्याचं लाइफ जॅकेट भगव्या रंगाचं आणि पाठीवर मूठ असलेलं घ्या. मुठीला धरून त्याला वर ओढता येतं. रंग यासाठी की हिवाळ्यात काठच्या रानात शिकारी फिरतात. दोरी सोबत हवीच, पण ती काठावर वापरायची. नावेत कुत्र्याला कधीही बांधू नका. नाव उलटली तर तो तिच्याखाली अडकेल.

मग खाणं. घरी रोज 350 ग्रॅम कोरडं खाणं लागत असेल तर थंडीत 450 धरा. चौदा दिवसांचं आणि अडकून पडलात तर दोन दिवसांचं जादा, म्हणजे सुमारे सव्वासात किलो. एकेका दिवसाच्या पुड्या बांधून त्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात ठेवा. कापडी पिशवी रॅकून रात्रीत फाडतात. तुमचा सुकामेवा वेगळ्या डब्यात, कारण मनुके आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखे.

पाण्याची घडीची वाटी हाताशी असू द्या आणि त्याला नावेतच पाजा. या नदीत मगरीच्या कुळातले अॅलिगेटर आहेत. थंडीत ते सुस्तावतात म्हणून निर्धास्त होऊ नका. पाण्याच्या कडेला वाकलेला कुत्रा त्यांना सावजच. पोहायला सोडण्याचा मोह इथे टाळाच.

झोपण्याचं सामान दुहेरी आवरणात भरा: आत जाड प्लास्टिकची पिशवी, बाहेर पाणी न शिरणारी ड्राय बॅग. त्यात कुत्र्यासाठी दुसरी कोरडी चटई, लोकरी पांघरूण आणि दोन टॉवेल. ओला कुत्रा तंबूत घेण्याआधी पोटाखाली आणि बोटांच्या मधे नीट पुसायचा. तुमचे कपडेही लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे. सुती कपडा भिजला की ऊब देत नाही. एक पूर्ण कोरडा जोड वेगळा बांधून वर ठेवा.

औषधांच्या डब्यात चिमटा, गोचिडांवरचं औषध, स्वतःलाच चिकटणारी पट्टी, पंजांना लावायला व्हॅसलिन आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेन त्याच्या जिवावर बेतू शकतं.

भरताना पाणी आणि पिंप तळाशी, मध्याच्या जवळ. तंबू त्यांच्यावर, आणि दिवसा लागणारं सगळं हाताशी. प्रत्येक पिशवी नावेला बांधा. व्हाइट स्प्रिंग्जजवळ बिग शोल्सचे खडकाळ प्रवाह आहेत. तिथे नाव आणि सामान काठाने वाहून न्यावं लागतं. म्हणून पाच-सहा मोठे नग असावेत, सुटी बोचकी नकोत.

निघण्याच्या आठवडाभर आधी सगळं भरून, कुत्र्याला घेऊन, जवळच्या तळ्यावर एक दिवस आणि एक रात्र काढा. पहाटे उठून त्याच्या कानांना हात लावून पाहा. गार लागले, किंवा तो कुडकुडत असेल, तर आणखी एक पांघरूण भरा.