नवी संगणक प्रणाली येताना सभासदांनी काय पाहावे



ऊस नोंदणीपासून ऊस बिलापर्यंतचा आपल्या कारखान्याचा सगळा कारभार एकाच नव्या संगणक प्रणालीवर नेण्याचा विषय सध्या पुढे आहे. तो निघाल्यापासून गट ऑफिसांतून दोन प्रश्न कानी येतात. एक, "पैसे किती जाणार?" आणि दुसरा, "आमचं बिल तर अडकणार नाही ना?" पहिल्याचे उत्तर निविदांसह सर्वसाधारण सभेपुढे येईलच. दुसरा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. सॉफ्टवेअरचे काम कसे केले जाते, कुठे फसते आणि फसू नये म्हणून काय करतात, हे ठाऊक असल्याशिवाय त्याचे उत्तर नीट देता येत नाही. म्हणून हा लेख.

कारखान्याने नवा मिल रोलर घेतला तर तो डोळ्यांना दिसतो. त्याचे ड्रॉइंग असते, वजन असते, बसवला की फिरतो की नाही हे कळते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. आपण विकत घेतो ते आपलेच नियम, संगणकाला कळतील अशा भाषेत लिहिलेले. लिहिणारा मुलगा पुण्या-मुंबईच्या ऑफिसात बसलेला असतो. त्याने उसाचा फड पाहिलेला असेलच असे नाही. त्याला आपण जे सांगू तेच तो लिहिणार, आणि जे सांगायचे राहील तिथे तो स्वतःच्या अंदाजाने काहीतरी भरणार.

एक साधे उदाहरण घेऊ. एखाद्या सभासदाचा ऊस एक एकर वीस गुंठे आहे. शेती मदतनीस वहीत लिहितो १.२०. आपल्याकडे हे वाचताना कोणी चुकत नाही. पण संगणकाला तो आकडा दशांश वाटला, तर त्याच्या लेखी क्षेत्र झाले एक एकर आठ गुंठे, कारण ०.२० एकर म्हणजे आठच गुंठे. बारा गुंठे ऊस कागदावरून नाहीसा झाला. एकरी चाळीस टनांचा उतार धरला तर बारा टन झाले. नोंदीपेक्षा जास्त ऊस आला म्हणून ती तोडणी चिठ्ठी अडली, तर फडात टोळी बसून राहणार आणि शेतकरी गट ऑफिसच्या पायऱ्या झिजवणार. बरे, हेच हेक्टर-आर मध्ये लिहिले तर १.२० बरोबरच आहे, कारण हेक्टराचे आर शंभर असतात. म्हणजे यंत्र बिघडलेले नाही आणि लिहिणाऱ्याचेही चुकले नाही. एकर-गुंठे की हेक्टर-आर, एवढे सांगायचे मात्र कोणाच्या तरी ध्यानातून गेले.

म्हणून या धंद्यातली जाणती माणसे पहिला जोर देतात तो गरजांच्या टिपणावर. प्रणालीने काय करायचे, काय करायचे नाही, अपवाद कोणते, हे सगळे आधी साध्या मराठीत लिहून काढायचे आणि ज्यांचे काम आहे त्यांनी ते वाचून सही करायची. "लागण तारखेप्रमाणे तोड" हा नियम एका ओळीत लिहून होतो. पण चिटबॉयला विचारा. पुराचे पाणी लागलेला ऊस आधी न्यावा लागतो. जळीत उसाचे वेगळे. पुढच्या शेतातला ऊस निघाल्याशिवाय मागच्याला गाडीवाट नसते. तुरा आलेला प्लॉट, विहिरीला पाणी नसलेला प्लॉट, ज्याला खोडवा वेळेत धरायचा आहे तो प्लॉट. हे सगळे टिपणात आले नाही तर दोनच गोष्टी होतात. एक तर प्रणाली कोणाचेच ऐकत नाही, नाहीतर ऑफिसात कोणाला तरी क्रम हाताने बदलायची मुभा द्यावी लागते. आणि मुभा दिली की ती कोणासाठी वापरली जाते, हा प्रश्न बांधाबांधावर निघतो. आमचे स्पष्ट मत आहे की हाताने बदल करायची सोय असावी, पण कोणी, केव्हा, कोणत्या कारणाने बदल केला याची नोंद आपोआप राहिली पाहिजे आणि ती सभासदाला मागताच दिसली पाहिजे.

टिपण अर्धवट ठेवून घाई केली तर काय होते, याचा मोठा दाखला ऑस्ट्रेलियातला आहे. क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य खात्यात सुमारे ७८ हजार नोकरदार होते. पगार पंधरवड्याला व्हायचा, आपल्या बिलासारखाच. जुन्या प्रणालीची देखभाल करणारे बंद झाले, म्हणून नवी घाईने घ्यायचे ठरले. तात्पुरती व्यवस्था म्हणून मूळ करार झाला तो सुमारे ६२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा. पण पाळ्या, रात्रीचे भत्ते, सुट्टीचे दर, वेगवेगळे वेतन करार मिळून पगार काढायच्या पद्धतींच्या चोवीस हजारांहून अधिक जोडण्या होत होत्या. एवढे सगळे कोणी आधी नीट लिहून काढले नव्हते. काम चालू असताना मागण्या येत राहिल्या, तारखा पुढे जात राहिल्या. शेवटी मार्च २०१० मध्ये प्रणाली सुरू केली, तीही जुन्या-नव्याचा संपूर्ण पगार शेजारी शेजारी काढून न पडताळता. पहिल्याच पंधरवड्यापासून गोंधळ. कोणाला पगारच नाही, कोणाला कमी, कोणाला जास्त. जास्त गेलेल्यांकडून वसुली करण्यात पुढची कित्येक वर्षे गेली. हाताने दुरुस्त्या करायला शेकडो माणसे बसवावी लागली. सगळा खर्च मिळून १२० कोटी डॉलरांवर जाईल असा अंदाज निघाला आणि २०१३ मध्ये चौकशी आयोग बसला. तिथे ना पैशाची टंचाई होती ना शिकलेल्या माणसांची.

यातून आपल्याला घ्यायचे ते समांतर चाचणीचे. नवी प्रणाली आली की जुनी लगेच बंद करायची नाही. मागच्या गळीत हंगामातल्या एखाद्या पंधरवड्याच्या सगळ्या काटा पावत्या नव्या प्रणालीत घालायच्या. भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ वजन, दर, सोसायटीची कपात, बँकेची कपात, बेणे-खताची उधारी हे सगळे लावून बिले काढायची आणि जुन्या बिलांशी पैशापैशाने ताडायची. निवडक शंभर नव्हे, सगळी. निवडक शंभरांत बहुधा सरळ खाती येतात. घोळ असतो तो सामायिक सात-बाऱ्यात, मयत सभासदाच्या वारसांत, एका गावात एकाच नावाचे तिघे असतात त्यांच्यात, आणि जमीन बायकोच्या नावे पण नोंद मुलाने केली अशा ठिकाणी. एक हंगाम दोन्ही प्रणाली चालवणे हे ऑफिसच्या लोकांना दुप्पट काम आहे हे खरे. त्यासाठी जादा माणूस घ्यावा लागला तर तो खर्च आम्हांस वायफळ वाटत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज. संगणक बंद होता ही सबब त्यात कुठेही नाही.

वेळही पाहावी लागते. बॉयलर पेटल्यावर नवी प्रणाली सुरू करणे म्हणजे भरल्या ट्रॉलीचे चाक चालत्या गाडीला बदलणे. पावसाळ्यात, ऊस नोंदी चालू असताना पहिला भाग सुरू करावा. तो नीट चालला की मग काटा, मग बिल. एकदम सगळे आणून एका सोमवारी उद्घाटन करण्यात फोटो चांगला निघतो, एवढेच.

काम मागे पडले की सभेत कोणीतरी म्हणतेच, "माणसं वाढवा की!" तोडणीत हे चालते. टोळी वाढवली की फड लवकर उरकतो. पण पॅनमध्ये दाणा तयार व्हायला जो वेळ लागतो तो दोन पॅनमन जास्त उभे केले म्हणून कमी होत नाही. सॉफ्टवेअर हे बरेचसे पॅनसारखे आहे. फ्रेड ब्रुक्स नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी आय.बी.एम. कंपनीत एका फार मोठ्या प्रणालीचे काम सांभाळले आणि १९७५ साली त्यावर पुस्तक लिहिले. मागे पडलेल्या कामावर नवी माणसे घातली तर ते आणखी मागे पडते, असे त्यांचे अनुभवाचे म्हणणे होते. नव्या माणसाला काम समजावून सांगण्यात जुन्याचा वेळ जातो आणि जितकी डोकी जास्त तितका आपसांतला बोलण्याचा घोळ जास्त. तेव्हा उशीर झालाच तर माणसे वाढवण्याआधी, या हंगामात कोणता भाग सोडून देता येईल ते पाहावे.

काम सोडण्यावरून आपल्याच भागातली गोष्ट आठवते. १९९८ साली वारणेच्या परिसरातल्या सत्तर गावांत केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून संगणक केंद्रे काढली. सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने एवढे धाडस करणे ही अभिमानाची बाब होती, आजही आहे. त्या वेळी बाजारभाव, पीकसल्ला, शिक्षण, सरकारी दाखले अशा कितीतरी गोष्टी केंद्रांतून मिळाव्यात असा विचार होता. पुढे अभ्यासकांनी पाहिले तेव्हा लोक केंद्रावर येत होते ते मुख्यतः उसासाठी. माझे टनेज किती, खत किती उचलले, तोडीचा परवाना आला का. मग बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्राच्या मंडळींनी २००७ च्या सुमारास सात गावांत आठ महिने प्रयोग केला. तीच माहिती साध्या मोबाइलवरच्या एस.एम.एस.ने द्यायची. काम भागले, खर्च कमी आला आणि शेतकऱ्याला केंद्रापर्यंत चालत जावे लागले नाही. आपल्या यादीतही हवामान, ड्रोन, उपग्रह असे बरेच काही कोणी ना कोणी घालू पाहील. ते वाईट नाही. पण आधी टनेज, तोडणीचा नंबर आणि बिल ही तीन कामे बिनचूक व्हावीत आणि साध्या फोनवर कळावीत, मग पुढचे बघू.

आता एक जरा कटू बाब. इंग्लंडमध्ये गावोगावची पोस्ट ऑफिसे चालवणाऱ्या उपपोस्टमास्तरांना १९९९ पासून होरायझन नावाची संगणक प्रणाली दिली गेली. हिशोबात तूट दिसू लागली. माणसे सांगत होती की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. वरून उत्तर एकच, संगणक चुकत नाही. कित्येकांनी घरदार विकून तूट भरली, आणि २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर अशा आरोपांखाली शिक्षा झाल्या. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीतच दोष होते असा निकाल दिला. शाखेच्या हिशोबात कंपनीची माणसे दूर बसून बदल करू शकत होती, हेही उघड झाले. त्या शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ उजाडले.

आपल्याकडे कोणी तुरुंगात जाणार नाही. पण काट्यावर अमुक दिसले आणि बिलात तमुक आले, तर कोणाचे खरे धरायचे हे आधीच लिहून ठेवलेले बरे. आमची सूचना अशी की सभासदाच्या हातात काट्यावरची छापील पावती राहावी, तक्रार आल्यावर पावती आणि प्रणाली यांत फरक निघाला तर पावती खरी धरावी, आणि प्रणाली बरोबर असल्यास ते सिद्ध करण्याचे काम कारखान्याचे असावे, सभासदाचे नव्हे. काही अधिकाऱ्यांना हे पटणार नाही. त्यांनी सभेत बोलावे.

कराराबद्दल थोडक्यात. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि मोठा हिस्सा समांतर चाचणी पास झाल्यावरच सोडावा. सभासदांची माहिती कारखान्याच्या मालकीची आहे आणि करार संपला तर ती दुसऱ्या कोणालाही वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळेल, असे कलम हवेच. दरवर्षीचा देखभालीचा खर्च खरेदीच्या किमतीबरोबरच विचारावा, नाहीतर स्वस्तातली निविदा पाच वर्षांत महागात पडते. आणि कारखान्याच्या बाजूने या कामाला एकच जबाबदार माणूस नेमावा. तो आमच्या मते शेती खात्यातला, फड हिंडलेला असावा. संगणक विभागाने त्याला साथ द्यावी.

गरजांच्या टिपणाचा पहिला मसुदा सर्व गट ऑफिसांत वाचायला ठेवला आहे. आपली नोंद, वारस, सामायिक क्षेत्र, गाडीवाट याबाबत जे त्यात आलेले नाही ते गट अधिकाऱ्याकडे लेखी द्यावे. येताना सात-बारा आणि मागच्या हंगामाचे एखादे बिल सोबत आणल्यास नावे आणि क्षेत्र तिथेच ताडून घेता येईल.