परदेशी ब्रँडची फ्रँचायझी : २० लाखांचे २७ लाख कसे होतात

माहितीपत्रकावर ‘फ्रँचायझी फी २० लाख, रॉयल्टी ६ टक्के’ असे ठळक छापलेले असते आणि खाली बारीक अक्षरांत ‘कर वेगळे’. घरी हिशेब मांडताना आपण गाळ्याचे डिपॉझिट, फर्निचर, मशिनरी आणि पहिल्या काही महिन्यांचे पगार धरतो. ‘कर वेगळे’ या दोन शब्दांचा हिशेब मात्र कोणी करत नाही. परदेशी कंपनीशी थेट करार होणार असेल, तर आधी तोच करायला हवा.

परदेशी कंपनीला फी किंवा रॉयल्टी पाठवताना त्यातून आयकर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची, म्हणजे तुमची असते. हा दर एप्रिल २०२३ पासून २० टक्के आहे. त्यावर ४ टक्के उपकर धरला की २०.८ टक्के होतात, शिवाय रक्कम फार मोठी असेल तर अधिभार. पूर्वी हा दर १० टक्के होता, त्यामुळे पाच-सहा वर्षांपूर्वी फ्रँचायझी घेतलेल्या ओळखीच्या माणसाचा हिशेब आज तुमच्या कामाचा नाही. दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारांमुळे दर कमी होऊ शकतो. अमेरिका आणि ब्रिटनच्या कंपन्यांसाठी तो साधारण १५ टक्के आहे, सिंगापूरसाठी १०. पण ही सवलत आपोआप लागू होत नाही. कंपनीने आपल्या देशाच्या करखात्याचा रहिवास दाखला द्यावा लागतो. अमेरिकी कंपनीला तिथले आयआरएस खाते ‘फॉर्म ६१६६’ या नावाने तो देते. दर वर्षी ताजा दाखला देण्याचे बंधन करारातच घालून घ्या.

आता खरी गोम. हा कर त्या कंपनीच्या उत्पन्नावरचा आहे, तेव्हा तो तिच्याच खिशातून जायला हवा. पण बहुतेक छापील करारांत एक कलम असते, की कंपनीला देय असलेली प्रत्येक रक्कम कोणतीही वजावट न होता पूर्ण मिळाली पाहिजे. या कलमावर सही केली की तिचा आयकर तुमच्या डोक्यावर आला. कंपनीच्या हाती २० लाख पडायचे तर १५ टक्के दराने तुम्हाला २३ लाख ५२ हजार ९४१ रुपयांचा हिशेब धरावा लागतो. वरचे साडेतीन लाख कराचे. रहिवास दाखला मिळाला नाही आणि २०.८ टक्के भरावे लागले, तर त्यात आणखी १ लाख ७२ हजारांची भर.

जीएसटी याहून वेगळा. परदेशातून सेवा घेतली की ‘रिव्हर्स चार्ज’ने १८ टक्के जीएसटी घेणाऱ्यानेच रोखीने भरायचा असतो. उलाढाल कितीही लहान असली तरी त्यासाठी नोंदणी सक्तीची आहे. फक्त मूळ २० लाखांवर धरला तरी हे ३ लाख ६० हजार होतात. म्हणजे कंपनीचे २० लाख, तिच्या कराचे ३ लाख ५३ हजार आणि जीएसटीचे ३ लाख ६० हजार, मिळून २७ लाख १३ हजार रुपये. आणि अजून गाळ्याला रंगही लागलेला नाही.

हा जीएसटी परत वळता करून घेता येतो का, हे तुमच्या धंद्यावर अवलंबून आहे. कपड्यांचे किंवा बुटांचे दुकान असेल तर विक्रीवरच्या करातून त्याची वजावट मिळते. साध्या रेस्टॉरंटला मात्र ५ टक्के जीएसटी लावण्याच्या बदल्यात वजावटीचा हक्क सोडावा लागतो. सलून आणि जिम यांनाही २२ सप्टेंबर २०२५ पासून हाच नियम लागू झाला आहे. बालवाडीची फी करमुक्त आहे, म्हणून तिथेही वजावट नाही. आणि फ्रँचायझी अनेकदा घेतल्या जातात त्या याच चार धंद्यांत.

महिन्याच्या रॉयल्टीलाही हेच गणित. समजा विक्री १० लाखांची आहे आणि रॉयल्टी ६ टक्के, म्हणजे ६० हजार. त्यावर कंपनीचा कर १० हजार ५८८ आणि जीएसटी १० हजार ८००. एकूण ८१ हजार ३८८ रुपये. छापील ६ टक्के प्रत्यक्षात ८ टक्क्यांच्या वर गेले, तेही नफ्यावर नव्हे, विक्रीवर. जाहिरात निधी, बिलिंगचे सॉफ्टवेअर, वार्षिक प्रशिक्षण असे जे जे परदेशात पाठवायचे, त्या प्रत्येक रकमेवर कर लागतो का आणि किती, हे आपल्या सीएकडून लिहून घ्या. किमान रॉयल्टी डॉलरमध्ये ठरवलेली असेल तर रुपया घसरला की विक्री न वाढताही तुमचा खर्च वाढतो.

पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते का, असे पुष्कळजण विचारतात. रॉयल्टीसाठी आता लागत नाही. डिसेंबर २००९ पूर्वी देशांतर्गत विक्रीवर ५ टक्के आणि निर्यातीवर ८ टक्के अशी मर्यादा होती, नुसत्या ब्रँडनावासाठी तर १ आणि २ टक्केच. ती उठली. आता बँक करारनामा, बिल आणि सीएचे प्रमाणपत्र मागते. मात्र सरकारने मर्यादा उठवली याचा दुसरा अर्थ असा, की रॉयल्टी किती असावी यावर आता तुमच्याखेरीज कोणाचीच नजर नाही.

कायद्याच्या बाबतीतही तीच गत आहे. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला २३ मुद्द्यांचा खुलासा-दस्तऐवज सहीच्या आणि पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी द्यावा लागतो. मलेशियात परदेशी कंपनीला विक्रीपूर्वी सरकारी मान्यता घ्यावी लागते आणि करार किमान पाच वर्षांचा करावा लागतो. चीनमध्ये ज्या कंपनीने स्वतःची किमान दोन दुकाने वर्षभर चालवलेली नाहीत, तिला फ्रँचायझी विकताच येत नाही. भारतात फ्रँचायझीचा स्वतंत्र कायदाच नाही. करार कायदा १८७२, ट्रेडमार्क कायदा १९९९, परकीय चलन कायदा आणि करकायदे यांच्यावर सगळा कारभार चालतो. किती दुकाने बंद पडली, कोणी दावे लावलेत, हे तुम्हाला सांगण्याची सक्ती कंपनीवर नाही.

पण एक वाट आहे, आणि ती फुकट आहे. ब्रँड अमेरिकेत फ्रँचायझी विकत असेल तर त्याचा तिथला खुलासा-दस्तऐवज शोधा. कॅलिफोर्निया, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन ही राज्ये असे दस्तऐवज आपल्या सरकारी संकेतस्थळांवर खुले ठेवतात. शेकडो पानांचा असतो, सगळा वाचू नका. तिसरा मुद्दा कोर्टकज्ज्यांचा, चौथा दिवाळखोरीचा, सहावा चालू आकारांचा, सातवा दुकान उभारणीच्या खर्चाचा. सर्वात मोलाचा विसावा. तीन वर्षांत किती दुकाने उघडली, किती बंद झाली, किती मालक बदलले याचे तक्ते त्यात असतात आणि सोडून गेलेल्या फ्रँचायझीधारकांची नावे व संपर्कही. आकडे अमेरिकेतले आहेत, त्यामुळे खर्च तंतोतंत जुळणार नाही. पण तिथे दर वर्षी दुकानांना टाळे लागत असेल आणि इथे विक्री प्रतिनिधी ‘एकही दुकान बंद नाही’ म्हणत असेल, तर पुढची चहाची फेरी कशाला? ब्रिटनमध्येही आपल्यासारखाच फ्रँचायझी कायदा नाही. मात्र कंपनीचे वार्षिक हिशेब ‘कंपनीज हाउस’च्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

ट्रेडमार्कची नोंद भारतीय नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनाशुल्क तपासता येते. रेस्टॉरंट असेल तर वर्ग ४३, शिक्षण ४१, सलून ४४, दुकान ३५. अर्ज ‘प्रलंबित’ असेल तर तुम्ही न मिळालेल्या हक्कासाठी पैसे भरताय. परदेशात नोंदवलेले नाव इथे आपोआप नोंदले जात नाही. आणि नुसत्या नोंदणीवरही विसंबू नये, हे पुणेकरांना सांगायला नको. कॅम्पातले ‘बर्गर किंग’ हे रेस्टॉरंट १९९२ च्या सुमारास या नावाने सुरू झाले. अमेरिकी कंपनीने भारतात नाव आधीच नोंदवले होते, पण तिचे पहिले दुकान इथे उघडले ते २०१४ मध्ये. कंपनीने २०११ मध्ये दावा लावला, पुण्याच्या न्यायालयाने तो २०२४ मध्ये फेटाळला, आणि मग प्रकरण उच्च न्यायालयात व पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. तुमच्या शहरात त्याच नावाचे जुने दुकान आहे का, हे पायी फिरून पाहा. असेल तर दाव्याचा खर्च कंपनी करेल, असे कलम मागा.

बड्या नावांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. डॉमिनोजचे भारतातले हक्क ज्युबिलंट फूडवर्क्सकडे आहेत, पश्चिम आणि दक्षिण भारतातले मॅकडोनाल्ड्स वेस्टलाइफ चालवते, स्टारबक्स हा टाटांबरोबरचा संयुक्त उपक्रम आहे. यांच्या सुट्या फ्रँचायझी तुम्हा-आम्हाला मिळत नाहीत. ‘नोंदणी शुल्क भरा, जागा मंजूर झाली’ असा मेल आला तर तो भामट्याचा समजा.

भारतातल्या मास्टर फ्रँचायझीकडून, म्हणजे मूळ कंपनीकडून इथले हक्क घेतलेल्या भारतीय कंपनीकडून, करार घेतला तर आयकराचे ओझे बरेच हलके होते. पैसे देशातच राहतात, तुम्ही रॉयल्टीवर १० टक्के टीडीएस कापता आणि तो त्यांच्या खात्यावर जमा होतो. १८ टक्के जीएसटी मात्र त्यांच्या बिलातून येतोच. इथे त्यांचा मूळ कंपनीशी झालेला करार पाहायला मागा. निदान मुदत, क्षेत्र आणि पोट-फ्रँचायझी देण्याचा अधिकार एवढी पाने तरी. मास्टरचा करार उद्या रद्द झाला तर मूळ कंपनी तुम्हाला थेट सामावून घेईल, असे लेखी नसेल तर तुमचा बोर्ड एका पत्राने उतरू शकतो. उत्तर आणि पूर्व भारतात मॅकडोनाल्ड्स आणि तिचा भारतीय भागीदार यांच्यात २०१३ मध्ये भांडण पेटले. २०१७ मध्ये १६९ दुकानांचा करार रद्द केल्याची नोटीस निघाली आणि तडजोड झाली ती २०१९ मध्ये. एवढी वर्षे तग धरायला तसे खिसे लागतात.

करार वाचताना मुदतीची सांगड घाला. फ्रँचायझी दहा वर्षांची आणि गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्स पाच वर्षांचा, असे सर्रास होते. सहाव्या वर्षी गाळामालक भाडे दुप्पट मागतो आणि जागा बदलायला कंपनी परत फी मागते. करार संपल्यावर तोच धंदा करायचा नाही, ही अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. करार चालू असतानाची बंदी मात्र टिकते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या खटल्यात ते स्पष्ट केले. परदेशात सही झालेला करारनामा महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्या. योग्य रकमेचा स्टँप नसेल तर कोर्ट कागद पुराव्यात घेत नाही.

लवाद सिंगापूर किंवा लंडनला असेल, तर दाद मागण्याचा खर्चच दाव्याच्या रकमेहून जड होऊ शकतो. तिथला निवाडा मात्र इथे अमलात आणता येतो. निदान मुंबई हे लवादाचे ठिकाण मागून पाहा. ‘या करारात लिहिले आहे तेवढेच खरे’ हे कलम शेवटच्या पानावर असतेच. त्यामुळे प्रतिनिधीने व्हॉट्सअॅपवर दाखवलेला नफ्याचा तक्ता परिशिष्ट म्हणून जोडायला सांगा. तो नकार देईल, आणि तो नकारच तुमचे उत्तर. ग्राहक आयोगाच्या भरवशावर राहू नका. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बसत नाही. निव्वळ स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार, एवढाच अपवाद आहे, आणि दहा नोकर ठेवून चालवलेल्या रेस्टॉरंटला तो लागू करून घेणे कठीण.

एकच दुकान टाकायचे असेल तर माझा कौल परदेशी कंपनीशी थेट कराराला नाही. भारतीय मास्टर फ्रँचायझी, सामावून घेण्याचे लेखी कलम आणि मुंबईतला लवाद, या तिन्ही गोष्टी मिळत असतील तरच पुढे जा. टोकन रक्कम परत मिळण्याची अट कागदावर आल्याशिवाय चेक लिहू नका.