हुक पाना विकत, बाकी जुगाड

प्रश्न : बाइकचे हँडल मध्यावर अडकते, पुढचा शॉकअप तेल गाळतो. घरी दुरुस्तीला कोणती स्वस्त हत्यारे घ्यावीत?

उत्तर : पैसे हुक पान्यावर खर्च करा. छिन्नी-हातोडीनेही कोनसेटचा (हँडलच्या बेअरिंग संचाचा) नट फिरतो, हे खरे. पण किती आवळला याचा अंदाज हाताला येत नाही, खाचा बिघडतात आणि जादा आवळल्यास गोळ्या वाटीत खड्डे पाडतात. तुमचे हँडल अडकते ते बहुधा अशाच खड्ड्यांमुळे; तिथे पाना हरतो, संचच बदलावा लागतो. शॉकअपची गळती थांबवणारे ऑइल सील ठोकायला मात्र खास हत्यार कशाला? सीलच्या बाहेरच्या कडेवर नेमका टेकणारा, सपाट कापलेला पीव्हीसी पाइप पुरतो. तेल दोन्ही शॉकअपमध्ये मोजून, कंपनीच्या मापानेच भरा. शेवटी चाक अधांतरी ठेवून फोर्क पुढेमागे ओढून पाहा. खटखट लागली तर गाडी बाहेर काढू नका.